ते मी पुढे सांगणारच आहे

सप्टेंबर २०२२ मधली एक संध्याकाळ. नगर जिल्ह्यातलं एक गाव, मारुतीच्या देवळाचा सभामंडप, समोर साठ-सत्तर माणसं आणि माझ्या हातात भजनी मंडळाचा माइक. पशुधन विकास अधिकारी म्हणून रुजू होऊन मला आठ महिने झाले होते आणि लम्पी गावोगाव शिरला होता. जनावरांचे बाजार बंद, शर्यती बंद. लस टोचायला आम्ही गेलो की काही जण गोठ्याला कडी लावून शेतावर निघून जात. 'शेळीची लस गाईला टोचतात, गाय आटते' अशी हवा होती. लोकांना समजावून सांगायचं, म्हणून ही सभा.

तीन रात्री बसून मी अकरा पानं लिहिली होती आणि ती शब्दन्‌शब्द पाठ केली होती. स्कूटरवर हेल्मेटच्या आत पुटपुटत, भाजी निवडताना, अंघोळ करताना. घड्याळ लावून बावीस मिनिटं भरत होती. भाषण म्हणजे अशीच तयारी करायची असते, याबद्दल माझ्या मनात शंकाच नव्हती.

"लम्पी चर्मरोग हा देवी वर्गातील विषाणूमुळे गोवंशीय जनावरांना होणारा सांसर्गिक आजार असून..." ही सुरुवात. पहिली दोन पानं घोटून इतकी गुळगुळीत झाली होती की माझंच मला कौतुक वाटत होतं. तिसऱ्या पानावर 'गोचीड, डास व चावणाऱ्या माश्या' इथपर्यंत आले, आणि खांबाला टेकून उभा असलेला एक माणूस मध्येच म्हणाला, "म्याडम, तेवढं दूध लेकरांना द्यायचं का न्हाई ते सांगा."

या प्रश्नाचं उत्तर मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी आलं असतं. लम्पी माणसाला होत नाही, दूध नेहमीसारखं उकळून प्या. संपलं. पण ती दोन वाक्यं माझ्या सातव्या पानावर होती आणि मी तिसऱ्यावर होते. मी हसून म्हणाले, "ते मी पुढे सांगणारच आहे."

तो थोडा वेळ थांबला. धारांची वेळ होत आली होती. मग टोपी सारखी करून तो निघून गेला आणि त्याच्यामागून आणखी चौघे.

मी पुढच्या वाक्याकडे वळले तर वाक्य जागेवर नव्हतं. 'चावणाऱ्या माश्या...' यांच्यामार्फत? यांच्या दंशाद्वारे? सतराचा पाढा अडला की आपण पुन्हा 'सतरा एके सतरा'पासून सुरू करतो, तसं माझ्या तोंडून आपोआप निघालं, "लम्पी चर्मरोग हा देवी वर्गातील..." पुन्हा माश्यांपाशीच अडले. तिसऱ्यांदा सुरुवात केली तेव्हा मागे बसलेली पोरं माझ्याबरोबर म्हणायला लागली होती. हरिपाठासारखं. एकाने ठेकाही धरला होता.

सरपंचांनी नारळ देऊन कार्यक्रम आवरता घेतला. त्या गावात दुसऱ्या दिवशी आम्हाला किती दारं बंद दिसली ते सांगत नाही.

परत येताना गाडीत आमचे परिचर मामा होते. तीस वर्षं जनावरांत गेलेला माणूस. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्याडम, तुम्ही कुणाकडं बघून बोलत व्हता?"

"लोकांकडे."

"न्हाई. घंटेकडं बघत व्हता."

खरं होतं. सभामंडपातली घंटा माझ्या डोळ्यांच्या वर, थोडी उजवीकडे होती. मी तिच्याकडे बघत नव्हते, मनातल्या मनात पान वाचत होते. समोर कोण कंटाळलंय, कोणाच्या कपाळाला आठी पडलीय, कोण उठायच्या बेतात आहे, यातलं काहीही मला दिसलेलं नव्हतं.

मी काही भाषणाला घाबरणारी मुलगी नव्हते, हे इथे सांगायला हवं. उलट शाळेतली 'भाषणवाली' होते. १ ऑगस्टला लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी आणि अण्णा भाऊ साठ्यांची जयंती. त्या दिवशी सकाळी शाळेच्या पटांगणात माझं नाव पुकारलं जाणार हे ठरलेलं. वडील शिक्षक. ते भाषण लिहून देत, आई पाठ करून घेई. 'अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो' हे एका श्वासात. मग शेंगा आणि टरफलं. 'सिंहगर्जना' या शब्दावर उजवा हात वर, 'ब्रिटिश सरकार' या शब्दावर तर्जनी पुढे. हातवारेसुद्धा पाठ असत. आवाजाचा एक खास चढउतार असे, तो मी अजूनही कुठल्याही तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत डोळे मिटून ओळखीन. घरात कोणी त्या सुरात 'मला पाणी दे' म्हणालं तर आपण वैद्याला बोलावू, पण व्यासपीठावर तो चालतो.

चौथीपासून सातवीपर्यंत चार प्रमाणपत्रं मिळाली. आठवीत तालुक्याच्या स्पर्धेत बाहेर बँड वाजत एक वरात गेली आणि मी 'परंतु' या शब्दावर थांबले. परंतुच्या पुढे काय, ते आजतागायत आठवलेलं नाही. आईने त्याचा अर्थ 'अजून दहा वेळा म्हणायला हवं होतं' असा काढला, आणि मीही. दोष पाठांतर कमी पडल्याचा आहे, पाठांतराचाच असू शकेल असं कोणाच्या डोक्यात आलं नाही. देवळातल्या त्या संध्याकाळपर्यंत माझ्याही नाही.

आता मागे वळून पाहिलं की घोटाळा कळतो. पाठ केलेल्या मजकुरात प्रत्येक शब्द त्याच्या आधीच्या शब्दाचं बोट धरून चालतो. एकाने बोट सोडलं की पुढची सगळी रांग हरवते, कारण पुढे कुठे जायचंय हे रांगेतल्या कोणालाच माहीत नसतं. जे माहीत होतं, म्हणजे विषय, तो त्या क्षणी डोक्यात असूनही हाताला लागत नाही. मला लम्पी येत होता. वासराच्या अंगावरच्या गाठी मी रोज हाताने चाचपत होते. पण व्यासपीठावर माझ्या आणि लम्पीच्या मध्ये अकरा पानं उभी होती.

पुढे कधीतरी विन्स्टन चर्चिलबद्दल वाचलं तेव्हा जरा बरं वाटलं. २२ एप्रिल १९०४ रोजी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, ब्रिटिश संसदेत पाठ केलेलं भाषण करताना तो ऐन शेवटाकडे असाच अडकला. पुढचं काही केल्या सुचेना, शेवटी सभासदांचे आभार मानून खाली बसला आणि चेहरा हातांनी झाकून घेतला. त्यानंतर त्याने नुसत्या पाठांतराच्या भरवशावर उभं राहणं सोडलं, टिपणं जवळ ठेवायला लागला.

यावर आमचे एक काका लगेच म्हणाले, "आपल्याकडे तर वेद पाठ करून टिकवले." काकांचं बरोबर आहे, पण ते लोक पाठांतर कसं करत हेही बघायला हवं. क्रमपाठात पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा अशा जोड्या. जटापाठात पहिला-दुसरा, मग उलट दुसरा-पहिला, मग पुन्हा सुलट. घनपाठात तीन-तीन पदं सुलट, उलट, पुन्हा सुलट. म्हणजे शब्दाला दोन्ही बाजूंनी गाठ मारलेली, एक सुटली तरी दुसरी धरून ठेवणार. त्याला वर्षानुवर्षं लागत. आणि शिवाय तिथे कोणी मध्येच उठून 'दूध द्यायचं का न्हाई' असं विचारत नसे.

सभेनंतर पाचव्या दिवशी दुसऱ्या गावात बोलायचं होतं. यावेळी मी पानंच हातात घेतली. वाचून दाखवलं. एका हातात माइक, दुसऱ्यात पानं, चष्मा घामाने घसरतोय, पान उलटायला तिसरा हात नाही. अडले नाही, पण लोक माझ्याऐवजी कागदाकडे बघत होते. किती पानं उरलीत ते मोजत असावेत. हा प्रयोग एकदाच केला.

त्याच सुमारास आमच्या भागात एक हरिनाम सप्ताह होता. मामांनी मला आग्रहाने कीर्तनाला नेलं. त्यात हेतू होता हे मला नंतर कळलं. बुवांनी तुकोबांचा एक अभंग घेतला आणि दोन तास बोलले. मध्ये लाइट गेली, माइक बंद पडला, तर बुवांनी टाळकऱ्यांकडे हात केला, 'विठ्ठल विठ्ठल' सुरू झालं, आणि जनरेटर लागेपर्यंत मंडप गजरात. पुन्हा बोलायला लागले तेव्हा त्या अंधारालाच त्यांनी दृष्टांत करून टाकलं. पुढे बसलेली एक म्हातारी डुलक्या घेत होती, तिलाही हळूच कथेत ओढलं. ती जागी झाली.

कीर्तन संपल्यावर शिधा-दक्षिणेच्या गडबडीत मी बुवांना गाठलं आणि विचारलं, हे सगळं पाठ कसं करता?

त्यांना प्रश्नच नीट कळला नाही. "अभंग पाठ असतो," ते म्हणाले. "प्रमाणं पाठ असतात. निरूपण कसं पाठ असंल? काल ह्याच अभंगावर मी दुसऱ्या गावात बोललो, तिथं निम्मे लोक ऊस तोडायला जाणारे होते. त्यांच्यापुढं हेच बोललो असतो तर?" मग थोडं थांबून म्हणाले, "आन् अभंगात मात्र एक शब्द इकडचा तिकडं करायचा न्हाई. तो माझा न्हाई, तुकोबांचा हाय."

त्या रात्री घरी येऊन मी अकरा पानं पुढ्यात घेतली आणि पेन्सिलीने खुणा करायला बसले. यातला अभंग कुठला आणि निरूपण कुठलं? निरूपण जवळजवळ सगळंच निघालं. अभंग म्हणावा असा मजकूर आठ-दहा ओळींचा होता. आणि एक गोष्ट लक्षात आली तिची मला लाजच वाटली. माझ्या पानांचा क्रम आमच्या पाठ्यपुस्तकाचा होता: कारण, प्रसार, लक्षणं, निदान, उपचार, प्रतिबंध. मी पुस्तकाची भाषा तर पाठ केलीच होती, वर पुस्तकाचा क्रमही. गावाचा क्रम वेगळा होता. दूध. मग 'माझी गाय मरणार का'. मग शेळीची लस. मग पैसे. विषाणू कुठल्या वर्गातला हे कोणीही, कधीही विचारलं नाही.

एका पोस्टकार्डाएवढ्या कागदावर सहा शब्द लिहिले. दूध, मरण, शेळी, माशी, खड्डा, पैसे. त्या सहा शब्दांवर मी बोलायचा सराव केला, पण प्रत्येक वेळी वेगळ्या माणसापुढे. एकदा मामांपुढे, एकदा घरमालकीणबाईंपुढे, एकदा दवाखान्यात शेळी घेऊन आलेल्या आजींपुढे. दर वेळी वाक्यं वेगळी यायची. सुरुवातीला याचाच त्रास व्हायचा. काल किती छान वाक्य आलं होतं, आज आलंच नाही! पाठांतराची सवय लागलेल्या माणसाला चांगलं वाक्य निसटू द्यायला जिवावर येतं. मी दोन-तीन वाक्यं चोरून पाठ केलीच, आणि ती नेमकी बोलताना वेगळ्या आवाजात यायची, फाटक्या सदऱ्याला रेशमी ठिगळ लावल्यासारखी. मामा लगेच ओळखायचे. "हे लिवलेलं हाय," म्हणायचे.

पुढच्या सभेत 'शेळी' या शब्दापाशी एका आजोबांनी अडवलं. शेळीच्या देवीची लस गाईला टोचून कसं चालेल? माझ्या जुन्या भाषणात याला एक परिच्छेद होता, विषाणूंच्या साधर्म्याबद्दलचा. तो तोंडाशी आला आणि तेवढ्यात मला आजोबांचा हात दिसला. बाही दुमडलेली, दंडावर रुपयाएवढा गोल वण.

मी विचारलं, "आजोबा, हा वण कशाचा?"

"देवी काढल्यात ल्हानपणी."

"ती लस मुळात कुणाच्या देवीवरून निघाली माहितेय? गाईच्या." मग मी त्यांना जेन्नरची गोष्ट सांगितली. १७९६ साली इंग्लंडमध्ये त्याने गाईच्या देवीचा पू एका पोराला टोचला, कारण धारा काढणाऱ्या बायकांना देवी येत नाहीत असं लोक म्हणायचे. "गाईच्या देवीने माणूस वाचला. आता शेळीच्या देवीची लस गाईला वाचवतेय. भावकीच आहे सगळी." मंडपात ज्यांचे केस पिकले होते ते सगळे आपापले दंड चाचपत होते. पोरं आजोबांच्या बाह्या वर करून बघत होती. ही गोष्ट माझ्या अकरा पानांत कुठेच नव्हती. ती मला कॉलेजपासून माहीत होती, पण लिहिताना सुचली नाही. तो दंड समोर आला तेव्हा सुचली.

दुसऱ्या दिवशी त्या गावात बहुतेक जनावरं दावणीला बांधलेली मिळाली. मी हवेत होते. इतकी, की पुढच्या सभेला कागदही नेला नाही.

तिथे मी चाळीस मिनिटं बोलले. लोक हसले, प्रश्न विचारले, वण दाखवले. पण एक गोष्ट सांगायची राहून गेली: जनावर दगावलं तर पुरण्याआधी आम्हाला कळवा, पंचनामा होऊ द्या. आठवड्याने त्या गावातला एक शेतकरी दवाखान्यात आला. त्याचा बैल गेला होता. माश्या बसतात, रोग पसरतो, हे मी सभेत चांगलं रंगवून सांगितलं होतं, म्हणून त्याने शहाण्या माणसासारखा खोल खड्डा खणून, चुना टाकून बैल त्याच दिवशी पुरला होता. पंचनामा नव्हता. शासनाने तेव्हा दुभत्या गाईला ३० हजार, बैलाला २५ हजार आणि वासराला १६ हजार अशी मदत जाहीर केली होती. त्या २५ हजारांसाठी त्याला किती हेलपाटे पडले ते मी जवळून पाहिलं. तो मला एक शब्दही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

तेव्हा बुवांच्या बोलण्याचा दुसरा अर्धा भाग कळला, जो मी सोयीने सोडून दिला होता. अभंगातला शब्द इकडचा तिकडे करायचा नाही. त्या रात्री मी पुन्हा पाठांतराला बसले, फक्त चार ओळींच्या. लम्पी माणसाला होत नाही, दूध उकळून प्या. आजारी जनावर वेगळं बांधा, वेगळं पाणी द्या. पुरण्याआधी पंचनामा. तीस, पंचवीस, सोळा. या ओळी मी आजही झोपेत म्हणू शकते, पुढून आणि मागूनही. काकांचा घनपाठ तेवढा उपयोगी पडला. बाकी मोकळं ठेवलं.

ऑक्टोबरात एका वस्तीवर बोलायला उभी राहिले आणि परतीच्या पावसाचं आभाळ दाटून आलं. कापणीला आलेलं सोयाबीन शेतात. एक जण ओरडला, "म्याडम, आटपा, काय सांगायचं ते दोन मिंटात सांगा." जुनी मी असते तर तीच बावीस मिनिटं दुप्पट वेगाने म्हणायला लागले असते, पाठ केलेल्या भाषणाला लहान होता येत नाही. मी चार ओळी सांगितल्या, माझा मोबाइल नंबर दोनदा सांगितला आणि सोयाबीन झाकायला ताडपत्रीचं एक टोक धरलं. ताडपत्री धरल्या धरल्या शेजारच्या बाईने मला गोचिडांबद्दल विचारलं, तिच्याशी झालेलं बोलणं त्या दिवसातलं सगळ्यात चांगलं व्याख्यान होतं. श्रोते एकूण तीन, त्यातलं एक कुत्रं.

गेल्या वर्षी १ ऑगस्टला तालुक्यातल्या एका शाळेने मला वक्तृत्व स्पर्धेला परीक्षक म्हणून बोलावलं. तेच पटांगण, तोच सूर, 'सिंहगर्जना'वर वर जाणारा तोच हात. नवव्या क्रमांकाला पाचवीतली एक मुलगी आली. दोन वेण्या, लाल रिबिनी. टरफलांपाशी आली आणि थांबली. शिक्षिका खालून ओठ हलवत होत्या. मुलीने पुन्हा 'अध्यक्ष महाशय'पासून सुरुवात केली, पुन्हा टरफलांपाशी थांबली. तिचे डोळे वर गेले होते, थोडे उजवीकडे. तिथे घंटा नव्हती, ध्वजाचा खांब होता.

परीक्षकाने बोलायचं नसतं. मी विचारलं, "मग? उचलली का त्यांनी टरफलं?"

तिने खाली माझ्याकडे बघितलं. "न्हाई."

"का गं?"

"खाल्ल्याच नव्हत्या ना त्यांनी!" आणि मग तिची गाडी सुटली. त्यांच्या वर्गात खडू कोणी मोडले होते, सगळ्या मुलींना कसं उभं केलं होतं, आणि ती एकटी कशी बसून राहिली होती, कारण तिने मोडलेच नव्हते. हात कंबरेवर. पटांगण शांत होऊन ऐकत होतं, शेवटच्या रांगेतली मुलंसुद्धा. शिक्षिकांनी घंटी वाजवली तेव्हा ती अर्ध्या वाक्यात होती.

माझ्या पुढ्यातल्या गुणपत्रिकेत रकाने होते: विषयाची मांडणी, आवाज, हावभाव, पाठांतर. पाठांतराला दहा गुण. शेजारच्या परीक्षक सरांनी त्या रकान्यात दोन लिहून पान माझ्याकडे सरकवलं. मी पेनाचं टोपण काढून बसले होते, आणि दहावा मुलगा व्यासपीठावर येऊन 'अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग' म्हणायलाही लागला होता.